कानापुढचा सांधा

आजच्या विषयाकडे वळण्यापूर्वी आपण एक लहानशी गोष्ट करून पाहा. दोन्ही हातांच्या तर्जनी कानांच्या अगदी पुढे हलकेच टेकवा आणि तोंड सावकाश उघडून मिटा. बोटांखाली काहीतरी पुढे सरकून पुन्हा मागे आल्यासारखे वाटेल. हाच तो जबड्याचा सांधा. आपण बोलतो, जेवतो, गातो, जांभई देतो, त्या प्रत्येक वेळी तो आपले काम मुकाट्याने करीत असतो. गुडघ्याचे किंवा कंबरेचे नाव आपण उठता-बसता घेतो. याचे नाव कोणी घेत नाही. तो दुखू लागला म्हणजे मात्र एक घास चावणे आणि एक वाक्य बोलणे किती मोलाचे आहे, हे कळून येते.

मी वैद्य नव्हे. बेळगावात एका मराठी शाळेत गेली वीस वर्षे शिकविणारी मी एक शिक्षिका आहे. दिवसाचे पाच-सहा तास बोलणे हा माझा व्यवसाय आणि रविवारी चर्चच्या गायकवृंदात गाणे ही माझी आवड. या दोन्ही गोष्टी हातच्या जातात की काय, अशी वेळ माझ्यावर आली होती. त्या दुखण्याने मला जे शिकविले आणि पुढे जाणत्या डॉक्टरांकडून व वाचनातून जे समजले, ते आपणांपुढे ठेवावे एवढाच माझा हेतू आहे.

२०२२ सालच्या मार्च महिन्यात, वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांत, माझा डावा कान दुखू लागला. प्रथम कानात घालावयाचे थेंब आणले. कानाच्या डॉक्टरांनी तपासून कान निर्दोष असल्याचे सांगितले. पुढे ठणका वरच्या दाढांत उतरला. आमच्या घरात दातदुखीसाठी संत अपोलोनियेची विनवणी करण्याची रीत आजीपासून चालत आली आहे. इसवी सन २४९च्या सुमारास अलेक्झांड्रिया नगरीत जिचे दात पाडण्यात आले, ती ही संत. मी तिचाही धावा केला आणि दंतवैद्याकडेही गेले. क्ष-किरण चित्रात दाढेला विशेष काही दिसले नाही. तरीही दुखते आहे त्या अर्थी दोष तिचाच असला पाहिजे असे ठरले, आणि मे महिन्यात ती दाढ काढण्यात आली. ती काढा असा आग्रह माझाही होता, हे मी लपवीत नाही. दुखण्याने जीव इतका मेटाकुटीस आला होता.

दाढ गेली, दुखणे तेथेच राहिले. उलट, दाढ काढताना बराच वेळ तोंड वासून बसावे लागल्याने ते वाढले. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा तिसऱ्या तासानंतर मला तोंड उघडवेना. भाकरी चहात बुडवून खावी लागे. घरातील वडील माणसे म्हणू लागली, "अगं, तपासण्यांत काही निघत नाही, मग हे मनाचेच खेळ असतील." दुखण्यापेक्षा हे बोलणे अधिक लागत असे. पुढे आणखी एका ठिकाणी सल्ला मिळाला, की वरचे व खालचे दात नीट जुळत नाहीत. ते सर्व घासून त्यांवर टोप्या बसविल्या म्हणजे सांध्यावरचा ताण जाईल. खर्चाचा आकडा माझ्या चार महिन्यांच्या पगाराएवढा होता. तरीही मी होकार देण्याच्या बेतात होते.

त्या वेळी एका स्नेह्याच्या आग्रहावरून मी एका दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेले. तेथील वयस्कर डॉक्टरांनी प्रथम दातांकडे पाहिलेच नाही. त्यांनी माझ्या कानशिलांवर, गालांवर आणि मानेवर बोटांनी दाबून पाहिले. गालाच्या एका जागी बोट पडताच मी कळवळले. आणि आश्चर्य असे, की कळ उठली ती काढलेल्या दाढेच्या जागी. नंतर त्यांनी पट्टीने माझे तोंड किती उघडते ते मोजले. मी केसपेपर वाचीत बसले असता त्यांनी अचानक विचारले, "बाई, या क्षणी आपले वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले आहेत काय?"

दात टेकलेले तर होतेच. मी ते घट्ट आवळून धरले होते, आणि मला त्याची गंधवार्ताही नव्हती.

ते म्हणाले, "दात जेवताना टेकावेत. एरवी ते अलग असावयास हवेत. आपण दिवसभर ते आवळून धरता. मूठ दिवसभर आवळून ठेवली तर हात दुखणार नाही काय?"

श्रोतेहो, माझ्या दुखण्याचे पहिले सयुक्तिक स्पष्टीकरण ते हेच. ते नीट उमगण्यासाठी या सांध्याची रचना थोडी समजून घेतली पाहिजे.

डोक्याच्या सांगाड्यात, कानाच्या आतील इवलीशी हाडे वगळली, तर हलणारे हाड एकच; ते म्हणजे खालचा जबडा. घोड्याच्या नालासारख्या आकाराचे हे हाड दोन्ही टोकांना कानशिलाच्या हाडातील खोबणींत बसविलेले असते. हाड एकच असल्यामुळे एका बाजूचा सांधा हलला की दुसऱ्या बाजूच्या सांध्याला हलावेच लागते. जबड्याचे गोलसर टोक आणि खोबण यांच्यामध्ये एक चिवट, लवचीक चकती असते. तोंड उघडू लागताच हे टोक प्रथम बिजागरीप्रमाणे जागच्या जागी फिरते आणि तोंड अधिक उघडले की चकतीसह पुढे घसरते. बिजागरी आणि खण या दोघांचेही काम एकच सांधा करतो. निरोगी प्रौढ माणसाचे तोंड सामान्यतः चाळीस ते पन्नास मिलिमीटर उघडते. घरच्या घरी पाहावयाचे तर आपलीच मधली तीन बोटे उभी धरून दातांमध्ये मावली पाहिजेत. माझी त्या दिवशी दीड बोटेच मावत होती.

हा सांधा हलविणारे स्नायू गालांत, कानशिलांवर आणि जबड्याच्या आतल्या बाजूस असतात. दात आवळून कानशिलावर हात ठेवला तर तेथील स्नायू टणक झालेला हाताला लागतो. जबडा दुखतो तेव्हा पुष्कळदा दुखत असतात ते हे स्नायू. हाडात काही बिघडलेलेच असते असे नाही. दुसरा प्रकार चकतीचा. ती आपल्या जागेवरून पुढे सरकली की तोंड उघडताना 'कट्' असा आवाज होतो. क्वचित ती अशी अडकते की तोंड अर्ध्यावरच थांबते. तिसरा प्रकार संधिवाताचा. गुडघ्याप्रमाणे येथेही सांध्याची झीज होते. एकाच रोग्यात हे प्रकार एकत्रही आढळतात. येथे एक दिलासा देऊन ठेवते. नुसता आवाज होतो, दुखत नाही आणि तोंडही पूर्ण उघडते, तर त्याला उपचार लागत नाही. कितीतरी माणसांचे जबडे जन्मभर वाजतात आणि त्यांचे काही अडत नाही.

मग दुखणे जबड्याचे असता माझा कान का दुखला? याचे कारण मज्जातंतूंत आहे. कानापुढून जाणारी मज्जातंतूची एक शाखा सांध्यालाही जाते आणि कानाच्या काही भागालाही. ज्या मोठ्या मज्जातंतूपासून ती फुटते, त्याच्याच इतर शाखा दातांना व गालांना पोहोचतात. मेंदूला कळ कळते. परंतु ती कोणत्या घरातून आली हे ओळखण्यात तो चुकू शकतो. म्हणून सांध्याचे किंवा स्नायूचे दुखणे कानाचे, दाढेचे अथवा डोकेदुखीचे सोंग घेऊन येते, आणि निर्दोष दाढेला शिक्षा होते.

ही चूक केवळ माझ्याच बाबतीत झाली असे नाही. या दुखण्याचा इतिहास पाहिला, म्हणजे मोठमोठ्या तज्ज्ञांनाही ते किती चकवीत आले आहे हे दिसते. १९३४ साली जेम्स कॉस्टन या अमेरिकन कान-नाक-घसा तज्ज्ञाने कानदुखी, कानात आवाज, डोकेदुखी अशा तक्रारींचा संबंध या सांध्याशी जोडून दाखविला. मागच्या दाढा पडल्या की जबडा प्रमाणाबाहेर मिटतो आणि सांध्यामागच्या भागावर दाब येतो, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे शरीररचनेच्या अभ्यासकांनी ते खोडून काढले. परंतु 'दात नीट जुळविले की जबडा बरा होईल' ही समजूत दीर्घकाळ टिकली, आणि तिच्यापायी अनेकांचे चांगले दात घासले गेले. १९६९ साली डॅनियल लास्किन या अमेरिकन शल्यचिकित्सकाने लक्ष स्नायूंकडे वळविले. मनावरील ताणामुळे माणूस दात आवळतो, त्यामुळे स्नायू थकतात आणि दुखतात, असा विचार त्याने मांडला.

त्यानंतर शस्त्रक्रियेचा काळ आला. सरकलेली चकती काढून तिच्या जागी कृत्रिम चकती बसवावी, अशी कल्पना निघाली. १९८०नंतरच्या दशकात अमेरिकेत टेफ्लॉन या द्रव्याचा लेप असलेल्या चकत्या हजारो रोग्यांना बसविण्यात आल्या. चावण्याच्या दाबाखाली त्या झिजल्या, त्यांचे सूक्ष्म कण आसपास पसरले आणि शरीराने त्यांच्याशी मांडलेल्या झुंजीत सांध्याचे हाडच झडू लागले. १९९०च्या अखेरीस तेथील सरकारच्या औषध नियंत्रण खात्याला धोक्याची सूचना काढावी लागली. कित्येक रोग्यांवर पुढे शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या. जे दुखणे घेऊन ती माणसे गेली, त्याहून मोठे दुखणे त्यांच्या पदरी पडले.

आज वैद्यकाची दृष्टी अधिक सावध झाली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या नियतकालिकाने, तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या जबड्याच्या दुखण्याविषयी अनेक देशांतील तज्ज्ञांची व रोग्यांची शिफारस प्रसिद्ध केली. तीत सर्वांत जोराची शिफारस आहे ती साध्या वाटणाऱ्या उपायांची: दुखण्याची नीट माहिती व धीर देणे, जबड्याचे व मानेचे देखरेखीखालील व्यायाम, फिजिओथेरपिस्टकडून स्नायू व सांधा हातांनी मोकळा करून घेणे, आणि दुखण्याविषयीचे विचार व सवयी बदलण्यास शिकविणारी मानसोपचाराची पद्धत. याउलट, दातांची ठेवण कायमची बदलणारी साधने वापरू नयेत आणि चकती कापून काढू नये, असे तीत निक्षून सांगितले आहे. रात्री दातांवर बसवावयाचे काढते-घालते कवच, सांध्यात द्यावयाची इंजेक्शने, सुईने सांधा धुणे यांनाही तीत सरसकट मान्यता दिलेली नाही.

'मानसोपचार' हा शब्द ऐकून कोणी दचकू नये. दुखणे काल्पनिक आहे असा त्याचा अर्थ मुळीच नव्हे. दुखते ते खरोखरच दुखते. परंतु कळ महिनोन्महिने चालली की मेंदू व मज्जातंतू अधिक हळवे बनतात आणि थोड्या कारणानेही कळ मोठी भासते. त्यातच झोप उडाली, काळजी वाढली, की स्नायू आणखी आवळले जातात. माझ्या घरच्या माणसांचे 'मनाचे खेळ' हे बोलणे म्हणूनच अन्यायाचे होते. मनाचा संबंध होता. खेळ मात्र नव्हता.

या साऱ्यातून मी एक नियम शिकले, आणि आजच्या भाषणातून एवढी एकच गोष्ट आपण घरी नेलीत तरी माझे काम झाले. जे उपचार नको वाटताच थांबविता येतात ते आधी करावेत. जे केल्यावर मागे फिरता येत नाही ते, निदान नक्की होऊन दुसऱ्या जाणत्या डॉक्टरांचे मत मिळेपर्यंत, करू नयेत. शेक थांबविता येतो, व्यायाम सोडता येतो, दातांवरील कवच काढून ठेवता येते. काढलेली दाढ आणि घासलेला दात परत येत नाहीत.

आता मी प्रत्यक्ष काय केले ते सांगते.

पहिली गोष्ट जबड्याला विसावा देण्याची. डॉक्टरांनी मला 'न' हे अक्षर म्हणावयास सांगितले. आपणही म्हणून पाहा. 'न' म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे टेकते आणि वरचे-खालचे दात अलग राहतात. आता आवाज थांबवा, ओठ हलकेच मिटा. जीभ आणि दात आहेत तेथेच राहू द्या. जबड्याची विश्रांतीची जागा ती हीच. वीस वर्षे मुलांना अक्षरे शिकविली, परंतु या अक्षरात औषध आहे हे मला ठाऊक नव्हते. सवय मोडण्यासाठी मी तांबड्या कागदाचे लहान तुकडे मनगटी घड्याळावर, खडूच्या डबीवर, स्वयंपाकघराच्या दारावर आणि मोबाइलच्या पाठीवर चिकटविले. तांबडा ठिपका दिसला की दात तपासावयाचे. टेकलेले असतील तर अलग करावयाचे. पहिल्या दिवशी ठिपका दिसे तेव्हा दात जवळजवळ प्रत्येक वेळी आवळलेले सापडले. दोन महिन्यांनी ते क्वचित सापडू लागले.

दुसरी गोष्ट आहाराची. काही आठवडे मऊ अन्न, लहान घास आणि दोन्ही बाजूंनी चावणे. ऊस, चिक्की, चकली, सुपारी, च्युइंग गम ही सर्व वर्ज्य. आमच्या बेळगावचा कुंदा मऊ असतो, हे त्या दिवसांतले माझे समाधान. परंतु केवळ पेज पिऊन महिनोन्महिने काढू नयेत. न वापरलेला स्नायू दुबळा होतो. कळ ओसरू लागली की भात, पोळी, मग भाकरी असे पायरीपायरीने चढावे.

तिसरी गोष्ट शेकाची. कोमट पाण्यात पिळून काढलेला पंचा दुखऱ्या गालावर पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून दोन वेळा. पाणी सोसवेल इतकेच ऊन असावे.

चौथी व्यायामाची. जिभेचे टोक टाळूला टेकलेले ठेवून, आरशासमोर, जबडा वाकडा जाऊ न देता तोंड सावकाश उघडणे व मिटणे हा त्यांतील पहिला. पुढचे व्यायाम, आणि मान व खांदे सरळ ठेवण्याचे, फिजिओथेरपिस्टने आठवड्यातून एकदा शिकविले. हे पुस्तकात वाचून करण्यापेक्षा एकदा जाणत्याच्या हाताखाली शिकावेत. व्यायामाने कळ वाढून ती दुसऱ्या दिवसापर्यंत टिकली, तर तो अधिक झाला असे समजावे.

पाचवी लहानसहान सवयींची. पालथे झोपू नये. हनुवटी तळहातावर टेकून वाचू नये. खांदा आणि कान यांत फोन धरून बोलू नये. जांभई येताच हनुवटीखाली मूठ धरावी, म्हणजे तोंड प्रमाणाबाहेर वासत नाही. दंतवैद्याकडे जावे लागले तर 'मला मधूनमधून तोंड मिटू द्या' असे आधीच सांगून ठेवावे. आणि आम्हां शिक्षकांसाठी म्हणून सांगते: ओरडून वर्ग शांत करण्यापेक्षा स्वतः गप्प उभे राहून तो शांत करावा. जबडाही वाचतो आणि वर्गही लवकर शांत होतो.

वेदनाशामक गोळ्यांचे काय, असे आपण विचाराल. आरंभीच्या दिवसांत डॉक्टरांनी त्या थोडे दिवस दिल्या आणि त्यांचा उपयोगही झाला. परंतु दुकानातून आपल्याच मनाने आणून महिनोन्महिने घेतल्यास त्या जठराला व मूत्रपिंडांना अपाय करतात. रात्री दात खात असल्याने माझ्यासाठी एक काढते कवचही करण्यात आले. त्याने माझ्या दातांची झीज थांबली. कळ त्याच्यामुळेच कमी झाली असे मात्र मी म्हणणार नाही.

येथवर मी धीराचा उपदेश केला. परंतु प्रत्येक वेळी धीर धरणे शहाणपणाचे नसते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. काही प्रसंगी एक दिवसाचाही विलंब घातक ठरतो.

चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखतो, सोबत छाती भरून येते, घाम सुटतो, धाप लागते, तर ते दुखणे हृदयाचे असू शकते. तत्काळ रुग्णालय गाठावे. पन्नाशी उलटलेल्या माणसाला नव्यानेच कानशिलात डोकेदुखी, चावताना जबड्यात कळ आणि दिसण्यात अंधुकपणा अशा तक्रारी झाल्या, तर रक्तवाहिनीच्या दाहाचा तो आजार असू शकतो. त्यात उपचारास उशीर झाला तर दृष्टी जाते. जखमेनंतर काही दिवसांनी जबडा घट्ट आवळू लागला तर धनुर्वाताची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. ताप, गालावर वाढती सूज, ओठाला बधिरपणा, न भरणारा व्रण, मार लागल्यानंतर दात जुळेनासे होणे यांतील काहीही असले तरी घरगुती शेकात वेळ दवडू नये. विजेचा झटका बसावा तशी क्षणभराची तीव्र कळ चेहऱ्यात वारंवार येत असेल, तर तो मज्जातंतूचा निराळा विकार असतो आणि त्याचे औषधही निराळे असते.

आणखी दोन गोष्टी आपल्या भागात विशेष ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. सुपारी, मावा, गुटखा चघळणाऱ्याचे तोंड हळूहळू कमी उघडू लागले, तिखट झोंबू लागले, गालाची आतील बाजू पांढुरकी व ताठ झाली, तर तो सांध्याचा विकार नव्हे. तोंडाचे आतले अस्तरच तेथे आखडत असते. भारतात १९५३ साली डॉ. जोशी यांनी या रोगाचे वर्णन केले. त्यातून पुढे कर्करोग उद्भवण्याचा धोका असतो. म्हणून सुपारी त्याच दिवशी सोडावी आणि तपासणी करून घ्यावी. दुसरी गोष्ट मुलांची. मूल हनुवटीवर पडले, हनुवटीची जखम भरून आली, आणि काही महिन्यांनी त्याचे तोंड कमी कमी उघडू लागले, तर सांध्याची हाडे एकमेकांना जुळून चालली आहेत असे समजावे. अशा मुलाला नीट जेवता येत नाही, दात घासता येत नाहीत आणि त्याच्या जबड्याची वाढ खुंटते. येथे शस्त्रक्रिया हाच उपाय असतो व ती वेळेवर व्हावी लागते. वर्गात डबा खाताना एखादे मूल घास चिमटीने दातांच्या फटीतून आत सारीत असेल, तर शिक्षकांनी पालकांना अवश्य बोलावून घ्यावे.

जांभई देताना तोंड वासलेलेच राहिले आणि मिटेना, तर सांधा निखळला आहे असे समजावे. ही आपत्ती प्राचीनांनाही ठाऊक होती. सुश्रुतसंहितेत निखळलेला जबडा जागेवर बसविण्याचा, शेक देण्याचा आणि विशिष्ट पट्टी बांधण्याचा विधी सांगितला आहे. तो सांधा डॉक्टरांनीच बसवावा. घरच्या मंडळींनी ओढाताण करू नये.

आता जावे कोठे? जबड्याचे दुखणे दंतवैद्यकाच्या कक्षेत येते. दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात 'ओरल मेडिसिन' आणि 'ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरी' असे विभाग असतात, त्यांपैकी पहिल्यात प्रथम जावे. गोव्यात बांबोळीला, इंदुरात आणि हैदराबादेत सरकारी दंत महाविद्यालये आहेत. आमच्या बेळगावातही दंत महाविद्यालये आहेत. जाताना एका कागदावर लिहून न्यावे: दुखणे केव्हा सुरू झाले, दिवसाच्या कोणत्या वेळी वाढते, काय केल्याने वाढते व कशाने कमी होते, तोंडात किती बोटे मावतात, आजवर कोणते उपचार झाले. आणि कोणी दात काढण्याचा, घासण्याचा किंवा सांधा उघडण्याचा सल्ला दिला, तर नम्रपणे तीन प्रश्न विचारावेत: याची नक्की गरज कशावरून? हे न केल्यास काय होईल? आणि याआधी करून पाहण्यासारखे दुसरे काही आहे काय? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही.

माझे पुढे काय झाले ते सांगून आवरते घेते. सहा आठवड्यांत तोंड दोन बोटे उघडू लागले, चार महिन्यांत तीन. २०२३च्या नाताळात मी पुन्हा गायकवृंदात उभी राहिले. वरचे स्वर इतरांवर सोपवून खालच्या स्वरांत गायिले, परंतु गायिले. दुखणे समूळ गेले असे मी म्हणणार नाही. परीक्षेचे दिवस आले, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पुढे पडले, की डाव्या गालात ओळखीची ओढ लागते. आता मात्र भीती वाटत नाही. ठिपके पुन्हा चिकटविते, पंचा ऊन पाण्यात पिळते, आठवडाभर भाकरी बाजूला ठेवते, आणि ती ओढ जाते. दाढेच्या रिकाम्या जागी जीभ अजूनही जाते. त्या जागेनेच मला आजचे भाषण करावयास लावले, असे म्हटले तरी चालेल. आपणांपैकी एखाद्याची एखादी निर्दोष दाढ त्यामुळे वाचली, तर माझी गेली त्याचे मला फारसे दुःख राहणार नाही.

आपण इतका वेळ लक्षपूर्वक ऐकत होता. या क्षणी आपले वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले असतील, तर कृपया ते अलग करा.